मराठीत सांगा, मावशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि मनातलं सगळं ज्यांच्यापुढे ओतायचं असा आमच्या कामाचा नियमच आहे त्या कुलकर्णी मॅडमनाही नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोर बसला असतात तर मी पुन्हा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. त्यात मी पटाईत आहे.

मी समुपदेशक. सोलापुरात एका केंद्रात काम करते — झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, उन्हाळ्यात भट्टी. आमच्याकडे येतात त्या विड्या वळणाऱ्या बायका, पालावरची माणसं, तृतीयपंथी, वस्तीतली पोरं. ज्यांना दवाखान्यात गेलं की आधी जात दिसते आणि मग दुखणं, अशी सगळी. मनावरचे जुने घाव घेऊन येतात आणि आल्यावर सांगतात की पित्त झालंय. फी नाही. कुलकर्णी मॅडमनी हे केंद्र उभं केलं, आणि त्यांनी आम्हाला फार चांगलं शिकवलं. दार अर्धं उघडं ठेवायचं. कुठं बसायचं ते येणाऱ्यानं ठरवायचं. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. खोदून विचारायचं नाही. आणि माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्यायचं. हा शेवटचा मुद्दा नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. हसू नका. मी तो फार छान शिकवायचे, मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता माझं. माझं आडनाव जाधव. जाधव कुणात नसतात? मराठ्यांत असतात, इतरही कितीतरी जातींत असतात. आपल्याकडे आडनाव सांगितलं की पुढचा माणूस लगेच विचारतो, 'कुठले जाधव?' — गाव विचारल्यासारखं करून जात विचारतो. मी म्हणायचे, 'वैरागकडचे.' वैरागला मी एकदाच गेलेय, तेही बस बंद पडली म्हणून. मी सेटलमेंटमधली. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते — इंग्रजांनी आमच्यासारख्या जातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं, ती जागा. माझे आजोबा तिथं हजेरी द्यायचे. तार केव्हाच गेली. आम्ही कैकाडी. घरात आमची वेगळी बोली, मराठीशी तिचं काही नातं नाही. शाळेत ती तोंडातून निघाली की पोरं मागं ओरडायची, त्यामुळे मी लहानपणीच तोंडाला कुलूप लावून टाकलं. लग्नाआधी नवऱ्याला जात सांगितली, त्याला काही वाटलं नाही. पण कामावर? तिथं मी वैरागची. इतकी वर्षं सांगून सांगून मला तिथली वेससुद्धा आठवायला लागली होती.

इथवरचं तुम्ही समजून घ्याल. पुष्कळ जण असं करतात, त्यांना तसं करावं लागतं, आणि त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पण मला सांगायचंय ते हे नाही — मी अजून त्याच्याभोवती घिरट्या घालतेय.

सुंदराबाई आमच्याकडे आल्या तेव्हा साठीच्या असतील. नातीनं आणलं होतं. नात म्हणजे कोमल — पोलीस भरतीत निवडली गेलेली, ट्रेनिंगमधून सुट्टीवर आलेली. अख्ख्या नात्यात पोलिसात गेलेली पहिली. ती वर्दी घालून दारात उभी राहिली, आजीला दाखवायला, हौसेनं — आणि आजी जागीच कोसळली. शुद्धीवर आली तर अंगाला कापरं. नंतर नात साध्या कपड्यांत समोर आली तरी म्हातारीचे डोळे घट्ट मिटायचे. आपोआप. उघड म्हटलं तरी उघडायचे नाहीत. दवाखान्यात डोळे तपासले, डोळे धडधाकट.

कोमल खाली थांबली. म्हातारीनं खोलीत सगळीकडे पाहिलं, दाराजवळची खुर्ची भिंतीला टेकवून घेतली आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं, 'बाई, पोरीची परेड हाय चार-सा म्हैन्यांनी. मला तिला वर्दीत बघायचंय. डोळं उघडं ठिवून. तेवढं करा.'

एवढंच मागणं. मी या कामात कितीतरी माणसं पाहिली, पण पहिल्याच भेटीत आपल्याला काय हवं ते इतकं स्वच्छ सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. मी तर तिथंच हरखून गेले. मग त्यांनी विचारलं, 'तुमी कुटल्या म्हनायच्या?' त्यांचा चेहरा बघताक्षणी मला कळलं होतं ती आमच्यातलीच बाई आहे. बोलण्याचा हेल, बांगड्या, नाकातलं — मला काय सांगावं लागतं? मी म्हणाले, 'वैरागकडची.' वर मनाला समजावलं, समुपदेशकानं स्वतःबद्दल बोलायचं नसतं, पुस्तकातच आहे. आहेच पुस्तकात. पण पुस्तकात खोटं बोला असं नाही लिहिलेलं.

आम्ही काम सुरू केलं. हळूहळू. त्या येताना बांबूच्या कामट्या घेऊन यायच्या, टोपलीचं बूड विणत बोलायच्या. हात चालू असले की त्यांचा श्वास ठिकाणावर राहायचा. हे मी त्यांना शिकवलेलं नाही, त्या घेऊनच आल्या होत्या. आधी आम्ही नुसतं खाकी कापडाचं नाव काढायचो. मग एक चिंधी टेबलावर, लांब. मग जवळ. मग कोमलचा मोबाइलमधला फोटो, आधी पाठमोरा. डोळे मिटले की मी म्हणायचे, पाय जमिनीला टेकवा मावशी, फरशी गार लागतेय का बघा. त्या टेकवायच्या, आणि कधी कधी पापण्या किलकिल्या व्हायच्या. त्या दिवशी आम्ही दोघी शाळा सुटल्यासारख्या खूश. शेंगदाण्याची चटणी घालून भाकरीचा तुकडा मला द्यायच्या, 'खा, लई बारीक झालीस.' मग जीभ चावायच्या, 'झालाय म्हनायचं व्हतं, बाई.'

पण बूट आले की गाडी अडायची. बुटांचा आवाज म्हटलं की काम थांबायचं, कामट्या खाली, डोळे बंद. त्याच्या पलीकडे काहीतरी होतं आणि मी खोदून विचारत नव्हते. ते एका दुपारी आपणहून आलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं — खाडकन. सुंदराबाईंचा चेहरा बदलला आणि त्या बोलायला लागल्या. मराठीत नाही. आमच्या बोलीत. माझ्या आईच्या बोलीत — मी आई गेल्यापासून जी ऐकली नव्हती त्या बोलीत.

आणि मला शब्द न् शब्द कळत होता.

मोहोळच्या पुढं एका गावाबाहेर त्यांची पालं होती. गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर यायचे, हे ठरलेलंच. ही तेव्हा आठ-नऊ वर्षांची. पहाटे बूट वाजले. थोरल्या भावाला फरफटत बाहेर काढलं. तो अख्ख्या नात्यात सगळ्यांत सुबक टोपल्या विणायचा. त्याच्या हातांवरच मारलं. आणि मार खाता खाता त्याला दिसलं की बहीण बघतेय. तेव्हा तो ओरडला नाही, रडला नाही. त्यानं तिच्याकडे बघून एक शब्द उच्चारला.

तो शब्द मी इथं लिहिणार नाही. तो त्यांचा आहे. पण काय आहे ते सांगते. आमच्या घरी, आणि आमच्या गल्लीतल्या पुष्कळ घरांत, आई लेकराला निजवताना पापण्यांवरून दोन बोटं फिरवायची आणि हा शब्द म्हणायची. त्याचा जोडीदार दुसरा शब्द आहे, तो सकाळचा. आई पुन्हा पापण्यांना बोटं लावून तो म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, असा आम्हा पोरांचा खेळ. जागी असले तरी मी पडून राहायचे, आईची बोटं येईपर्यंत. भावानं पोलिसांच्या घोळक्यातून बहिणीला निजवलं, बघा. आणि मग त्याला घेऊन गेले. परत आला तेव्हा हात कामातून गेले होते आणि त्यानं बोलणंच सोडलं होतं. दुसरा शब्द तिला कुणी म्हटलाच नाही.

हे सगळं मला कळत होतं. उन्हाळ्याच्या दुपारी अंगावर काटा उभा राहिला होता. पन्नास वर्षं ही बाई भावाचं ऐकतेय — याच्यापुढे माझी सगळी पुस्तकं काय होती? मला फार काही करायचं नव्हतं. हात पुढे करून, विचारून, तो दुसरा शब्द म्हणायचा होता. किंवा निदान एवढंच, आमच्या बोलीत: कळलं मला, मावशी.

मी काय म्हणाले माहितीये?

मी म्हणाले, 'मावशी, मराठीत सांगा. मला हे कळत नाही.'

हे ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही.

का केलं मी असं? दार अर्धं उघडं होतं, बाहेर नव्या मुली बसल्या होत्या, कुलकर्णी मॅडम फोनवर बोलत होत्या. मी आमच्या बोलीत एक अक्षर काढलं असतं तर ते त्यांनी ऐकलं असतं. बरं, ऐकून त्या काय करणार होत्या? भली बाई ती. उलट मला जवळ घेतलं असतं. म्हणजे भीती अपमानाचीसुद्धा नव्हती. माझं नीट जमवलेलं, वैरागचं, स्वच्छ माणूस मोडेल, एवढीच भीती. तेवढ्यासाठी.

आणि सुंदराबाईंनी काय केलं? चिडल्या नाहीत. डोळे मिटलेलेच होते. माफी मागितली — हो, त्यांनी माझी! 'इसरले बाई, तुमास्नी कुटनं येनार.' आणि तो सगळा प्रसंग पहिल्यापासून पुन्हा उभा केला, मराठीत, एकेक शब्द शोधत. पहाट. बूट. हात. कुणाच्या अंगात असतं हे बळ? मी तर एकदा ऐकून मोडले होते. त्या शब्दापाशी आल्या आणि म्हणाल्या, 'भाऊ म्हनला, डोळं मीट.' मग थांबल्या. मान हलवली. 'तसं न्हाय पर. मराठीत न्हाय येत त्ये.' मी म्हणाले, 'हरकत नाही, पुढं सांगा.' तेव्हा त्यांनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा ओला होता. मराठी सुरू व्हायच्या आधीपासून ओला होता. मी पदर लावून म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं. त्यांनी कामट्या गोळा केल्या.

पुढच्या वेळेपासून त्या मला आमची बोली शिकवायला लागल्या. खरंच. म्हणाल्या, तुमी एवढं करताय, दोन शब्द शिकून घ्या की. पाणी, भाकरी, ये, बस. आणि मी — ऐका आता — मी ते मुद्दाम चुकीचे म्हणायचे. जीभ अडखळल्याचं नाटक करायचे. ज्या शब्दानं माझी आई मला जेवायला हाक मारायची त्याची मी वाट लावायचे, आणि त्या खो खो हसून दुरुस्त करायच्या. पुन्हा म्हना, म्हणायच्या. मी पुन्हा चुकवायचे. कुलकर्णी मॅडमना हे सगळं फार आवडलं. आपल्या सगळ्यांना हिच्याकडून शिकण्यासारखं आहे, असं त्या चारचौघांत म्हणाल्या. मी खाली मान घालून बसले. लोकांना तो विनय वाटला.

परेडच्या दिवशी कोमलनं आम्हाला दोघींना बोलावलं होतं. मैदान, मांडव, खुर्च्या, सगळ्या पोरापोरींचे आईबाप नव्या कपड्यांत. सुंदराबाई मधे, एका बाजूला मी, एका बाजूला कुलकर्णी मॅडम. मागं त्यांची माणसं, मुलगा, सुना, पोरंटोरं. बँड सुरू झाला. आणि मग बूट — शेकडो बूट, एकदम.

त्यांनी माझा हात धरला. डोळे गच्च मिटले. ओठ हलत होते; मी कान लावला. भावाचा शब्द. तोच, पुन्हा पुन्हा. पोरीची तुकडी अजून लांब होती, पण येत होती. एकदा समोरून गेली की गेली, परेड काय थांबते? मला ठाऊक होतं काय म्हणायचं. दोन बोटं आणि एक शब्द. अख्ख्या मांडवात ती पहाट आणि तो शब्द, दोन्ही ठाऊक असलेली आणि तेच करायला शिकलेली मी एकटी होते. कुलकर्णी मॅडम माझ्याकडे बघत होत्या, विश्वासानं.

मी म्हणाले, 'मावशी, पाय जमिनीला टेकवा.'

त्यांनी टेकवले. काही झालं नाही. बूट जवळ आले.

मग सुंदराबाईंनी माझा हात सोडला. स्वतःची दोन बोटं उचलली आणि स्वतःच्या पापण्यांना लावली. आणि सकाळचा शब्द म्हणाल्या. मोठ्यानं, खणखणीत, आई म्हणते तसा. स्वतःच स्वतःला. पन्नास वर्षं कुणी उठवायला आलं नाही, तर बाई स्वतःच उठली. मी माझ्या आयुष्यात याहून मोठं काही पाहिलेलं नाही. देवळात गेले तरी माझे हात आता कोरडेच जोडले जातात, कारण जोडायचे ते त्या दिवशी जोडून झाले.

डोळे उघडे होते. कोमल समोरून गेली — हनुवटी वर, बूट आपटत. म्हातारीनं तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. पापणी लवू दिली नाही.

नंतर कोमल धावत आली. आजीनं तिच्या खांद्यावरून, पट्ट्यावरून, नावाच्या पाटीवरून हात फिरवला, खाली वाकून बुटांवरूनसुद्धा. सगळे रडत होते, हसत होते. आणि त्या गडबडीत सुंदराबाई माझ्याकडे वळल्या आणि आमच्या बोलीत, अगदी हळू, म्हणाल्या — इथं मराठीत लिहिते:

'आता कशाला भितेस, पोरी? पोलीस बी आपलीच हाय.'

त्यांना माहीत होतं. कधीपासून? त्या ओल्या चेहऱ्यापासून? का पहिल्या दिवसापासूनच, जसं मी त्यांना ओळखलं तसं त्यांनी मला? पाणी-भाकरीचे शब्द शिकवताना त्या मला माहीत नसलेलं शिकवत नव्हत्या, दार उघडून वाट बघत होत्या — मला शिकवलं होतं तसंच, न खोदता. शेजारी कुलकर्णी मॅडम होत्या. त्यांनी हौसेनं मला विचारलं, 'काय म्हणाल्या गं त्या?'

आणि मी — त्या दिवशी, ते बघून झाल्यावर, तिथं उभी राहून — म्हणाले, 'मराठीत सांगा, मावशी. कळलं नाही.'

कोमलनं चमकून आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं. म्हातारीनं तिचा हात दाबला. मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसून म्हणाल्या, 'काय न्हाय. जेवून जावा म्हनलं.'

मग मांडवाच्या मागं लिंबाखाली डबे उघडले. सुंदराबाईंनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. त्यांची माणसं आमच्या बोलीत बोलत होती, एकमेकांची टर उडवत होती, कोमलला वर्दीवरून चिडवत होती, आणि सुंदराबाई दर वेळी माझ्याकडे वाकून ते मराठीत सांगत होत्या, एकही न चुकवता. मी त्यांचं मराठी येईपर्यंत थांबायचे, आणि मग हसायचे.